भाच्यानं लिनक्स घातलं, आता लग्नपत्रिका कशा काढू?

पत्र बेळगावजवळच्या खानापुरातून आलंय. लिहिणाऱ्या ताईंचं झेरॉक्स आणि डीटीपीचं लहानसं दुकान आहे. पत्र लांब आहे, म्हणून मधलं थोडं गाळून देतो.

“दादा, दुकानात कॉम्प्युटर एकच. दिवाळीला भाचा पुण्याहून आला आणि म्हणाला, मावशी, विंडोज १० चे दिवस संपले, ह्या मशीनवर ११ चढत नाही, आणि तुझ्याकडं तर सगळ्या गावाचे पेनड्राइव्ह येतात. बसून त्यानं लिनक्स मिंट नावाची दुसरी यंत्रणा घातली. जुनं विंडोजही ठेवलंय, चालू करताना कुठलं पाहिजे ते विचारतं. तो गेला आणि माझे हाल सुरू झाले. जुन्या पत्रिका उघडल्या की इंग्रजी किडामुंगी दिसते. कन्नड अर्ज मी नुडी ह्या कन्नड टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये करायची, इथं नुडीच नाही. प्रिंटर कधी चालतो, कधी रुसतो. विंडोजमध्ये गेलं की घड्याळात पहाटेचे साडेपाच, आणि दुकानात अकरा वाजलेले असतात. तुळशीचं लग्न झालं, पत्रिकावाले दारात उभे आहेत. परवा एक गिऱ्हाईक तोंडावर म्हणालं, ‘बाई, जमत नसेल तर सांगा, बेळगावला जातो.’ यजमान म्हणतात, हे फेकून नवीन घे. मी बारावी शिकलेली. माझ्याच डोक्यात शिरत नाही काय? परत जुन्यावर जाऊ का हेच रेटू?”

ताई, तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. नुडीत कन्नड आणि जुन्या फॉन्टात मराठी, असे दोन वेगळे कीबोर्ड तुम्ही इतकी वर्षं बोटांवर वागवलेत. तालुक्यात अशी माणसं किती सापडतील? चुकली असेल तर वेळ चुकली. हंगाम तोंडावर असताना पोटापाण्याच्या एकुलत्या एक मशीनला हात लावायचा नसतो. भाच्याचा हेतू चांगला होता आणि माहितीही बरोबर होती, पण कंपनीत एक मशीन अडलं की दुसरं समोर येतं. तुमच्या दुकानात मशीन अडलं की गिऱ्हाईक एसटी पकडतं.

काय करायचं ते आधी सांगतो, कारणं मग. हंगाम संपेपर्यंत दोन्ही ठेवा. जुन्या पत्रिका आणि कोरलची, म्हणजे नक्षी-मांडणीच्या प्रोग्रॅममधली, कामं विंडोजमध्येच करा, पण तिथं नेट बंद ठेवून. ऑनलाइन अर्ज, व्हॉट्सअपवर येणारे कागद, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आणि नवं टायपिंग लिनक्समध्ये. नवीन मशीन एवढ्यात घेऊ नका. तुमच्या पत्रातली निम्मी दुखणी लिनक्सनं आणलेली नाहीत. तुमचं आजवरचं सगळं काम एकेका फॉन्टच्या दावणीला बांधलेलं आहे, आणि नवं मशीन आणलं तरी ते तसंच बांधलेलं राहणार.

ती किडामुंगी घ्या. डीटीपीत वर्षानुवर्षं जे जुने मराठी फॉन्ट चालले, त्यांत फाइलीच्या आत मराठी नसतंच. कृतिदेवमध्ये तुम्ही ‘कमल’ लिहिलंत तर फाइलीत जाऊन बसतात ती ‘डी’, ‘ई’, ‘वाय’ ही इंग्रजी अक्षरं. फॉन्ट डीच्या जागी क काढून दाखवतो, ईच्या जागी म, वायच्या जागी ल. फॉन्ट मशीनमध्ये आहे तोवर कमल दिसतं. तो नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. म्हणजे भाच्यानं तुमच्या फाइली बिघडवल्या नाहीत, त्या आतून पहिल्यापासून तशाच होत्या. श्रीलिपी असो, आकृती असो, नुडीचे जुने फॉन्ट असोत, तऱ्हा हीच, फक्त प्रत्येकाचं कोष्टक निराळं. म्हणून तर एका फॉन्टातलं ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ दुसऱ्या फॉन्टात टाकलं की कुठल्या कुठं जातं.

तात्पुरता इलाज सोपा आहे. ज्या फॉन्टांचा परवाना तुमच्याकडं आहे, त्यांच्या फाइली विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून लिनक्समध्ये आणा आणि एकेकीवर दोनदा क्लिक करा, इन्स्टॉलचं बटण समोर येईल. मग वर्डमध्ये केलेले जुने अर्ज, करारपत्रं, पावत्या लिबरऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये, बहुतेक वेळा वाचता येतात. कोरलचं मात्र तसं नाही. कोरल लिनक्सवर चालत नाही. त्याची फाइल लिबरऑफिस ड्रॉ उघडून दाखवतं, पण नक्षी एकीकडं, ओळी दुसरीकडं, आणि गणपती कुठं सरकेल त्याचा नेम नाही. आडवाटेनं कोरल चालवायच्या युक्त्या लोक सांगतील. पत्रिका दारात असताना त्यांच्या नादाला लागू नका.

कायमचा इलाज म्हणजे यापुढचं सगळं मराठी युनिकोडमध्ये लिहायचं. युनिकोडमध्ये क हा क म्हणूनच साठवला जातो, फॉन्ट कुठलाही असो. यात शिकणं कमी आणि कमाई जास्त आहे, ती कशी ते बघा. हल्ली पत्रिकेचा मजकूर येतो कुठून? नवरदेवाचा भाऊ व्हॉट्सअपवर पाठवतो. तो मजकूर युनिकोडच असतो. तुम्ही काय करता, मोबाइल शेजारी ठेवून तो सगळा पुन्हा जुन्या फॉन्टात टाइप करता. वीस-बावीस नावांचं आप्तमंडळ, दोन्ही कुळांचे मामा, ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली, सगळं हातानं. लिनक्समध्ये ब्राउझरवर व्हॉट्सअप वेब उघडा, कॉपी करा, लिबरऑफिसमध्ये पेस्ट करा. टायपिंग संपलं, उरलं फक्त मांडणीचं काम. आणि आडनाव चुकलं तर ते पाठवणाऱ्याचं चुकलं, तुमच्या नावानं खडे फोडायला कुणी येणार नाही.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं नेटवर फुकट मिळतात. वापरा, पण आंधळेपणानं नको. रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी मागंपुढं होते, आणि सगळ्यात जास्त मार खातो तो आपला ऱ्य. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’. कऱ्हाडचे पाहुणे पत्रिका हातात घेऊन पहिलं तेच बघतील. म्हणून सगळं कपाट एका झटक्यात बदलायला बसू नका. जी फाइल परत मागायला कुणी येईल, तेवढीच बदला आणि प्रूफ घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडून वाचून सही घ्या. बाकीच्या राहू देत.

ल आणि श चा एक त्रास तुम्हाला लवकरच होईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. युनिकोडच्या बऱ्याच फॉन्टांत हे दोन्ही हिंदी वळणाचे येतात. अर्जाला चालतात, पत्रिकेत डोळ्यांना खुपतात. त्यातल्या काही फॉन्टांच्या पोटात मराठी वळणही असतं, पण मजकूर मराठी आहे हे लिबरऑफिसला सांगावं लागतं. टूल्समध्ये ऑप्शन्स, तिथं भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटला टिक, आणि पुढं मराठी निवडायचं. मग ‘लाल शाल’ लिहून एकेक फॉन्ट लावून बघा. ज्यात आपला ल दिसेल तो पत्रिकेला ठेवा. मुक्त, बलू, नोटो हे फॉन्ट फुकट आहेत आणि धंद्यालाही चालतात. बलूचं तुम्हाला जास्त कौतुक वाटेल, कारण त्याच वळणाचा कन्नड फॉन्टही आहे, बलू तम्मा नावाचा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड लागतं, त्यामुळं दोन्ही लिप्यांच्या पाट्यांची कामं तुमच्याकडं येत असतीलच. वर कन्नड आणि खाली मराठी एकाच हाताची दिसली की पाटीला रूप येतं. नाहीतर आपल्याकडच्या कितीतरी पाट्या दोन वेगळ्या दुकानांतून तुकडे आणून जोडल्यासारख्या दिसतात.

आता नुडी. तुमच्या पत्रातली ही तक्रार वाचून मला खरं तर बरं वाटलं, कारण इथं तुमचं काहीच गेलेलं नाही. नुडी बनवलं कन्नड गणक परिषदेनं, आणि त्यातला कीबोर्ड के. पी. राव यांनी आखलेला. तो कीबोर्ड लिनक्समध्ये आधीपासून आहे, काही उतरवून घ्यायला नको. सेटिंगमध्ये कीबोर्डच्या लेआउटमध्ये जा, नवीन लेआउट जोडा, कन्नडमध्ये ‘कगप’ नावाचा प्रकार दिसेल. कगप म्हणजे कन्नड गणक परिषदच. तो घेतलात की तुमची बोटं नुडीत जशी चालतात तशी चालतील, आणि उमटेल ते युनिकोड कन्नड, जे कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधूच्या किंवा नाडकचेरीच्या ऑनलाइन अर्जातही सरळ टाइप करता येतं.

त्याच यादीत थोडं खाली बघा. ‘मराठी’ म्हणूनही एक कगप आहे. बेंगळूरच्या परिषदेचा तोच आराखडा कुणीतरी देवनागरीला लावून ठेवलाय. के ला क, जी ला ग, तसंच सगळं. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही, त्याला नुडी कुठं येतंय? पण तुम्ही दोन राज्यांच्या मध्ये बसून दोन्हीकडचं टायपिंग करता, तुमच्यासाठी हा सोन्यासारखा आहे. इंग्रजी, कन्नड कगप आणि मराठी कगप असे तीनच लेआउट ठेवा. खालच्या पट्टीवर भाषा बदलायचं चिन्ह येईल. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा जुन्या पत्रिका समोर ठेवून ह्यात उतरवत बसा. कन्नडची सवय असल्यामुळं हात लवकर बसेल असं मला वाटतं. पहिले काही दिवस वेग कमी पडेल, त्यात घाबरायचं कारण नाही. मराठी टाइपरायटरची सवय मोडायचीच नसेल, तर देवनागरीचा रेमिंग्टन आराखडाही मिळतो, भाच्याकडून घालून घ्या. मुलीला नव्यानं शिकवायचं असेल तर मात्र इन्स्क्रिप्ट शिकवा. १९९१ च्या भारतीय मानकात तो आहे, विंडोजमध्येही असतो, आणि त्यात मराठीचा क आणि कन्नडचा क एकाच बटणावर येतो. कन्नडमधले ऱ्हस्व ए आणि ओ तेवढे वेगळे लक्षात ठेवायचे.

बेळगावच्या ऑफसेटवाल्यांना कोरलचीच फाइल लागते, असं तुम्ही पत्रात एका ओळीत म्हटलंय. लागते म्हणण्यापेक्षा सवय आहे. त्यांना पीडीएफ द्या. लिबरऑफिसमधून पीडीएफ काढली की फॉन्ट त्यातच गुंडाळून जातात, त्यांच्या मशीनवर तो फॉन्ट नसला तरी अक्षर हलत नाही. हंगाम ओसरला की स्क्रायबस शिकून घ्या. पेजमेकरसारखाच आहे, फुकट आहे, आणि २०२४ ला आलेल्या १.६ पासून देवनागरी-कन्नड जोडाक्षरं त्यात नीट बसतात. चार रंगांच्या छपाईची पीडीएफही निघते. आत्ता नको पण, एका वेळी एकच झंझट.

प्रिंटरचं कारण बहुधा त्याच्या जातीत आहे. काही लेझर प्रिंटरांच्या पोटात स्वतःचा प्रोग्रॅम टिकत नाही. एचपीचा लेझरजेट १०२० त्यातलाच. चालू केला की दर वेळी संगणकानं त्याला तो प्रोग्रॅम भरवावा लागतो. विंडोजमध्ये हे आपोआप व्हायचं. लिनक्समध्ये त्यासाठी एचपीचं एक जादा प्लगइन लागतं, आणि ते घातलेलं नसेल तर प्रिंटर नुसता दिवा लावून बसतो. कॅननच्या एलबीपी २९०० ला कॅननचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवताना जाणत्याचाही जीव जातो. तुमचा कुठला आहे ते भाच्याला फोटो काढून पाठवा. तोवर लिनक्समध्ये पीडीएफ करा आणि विंडोजमधून छापा. गैरसोय आहे, पण गिऱ्हाईक परत जात नाही.

घड्याळाचा घोळ तर हसण्यासारखा आहे. मशीनच्या आतल्या घड्याळात विंडोज आपली इथली वेळ ठेवतं, लिनक्स ग्रिनिचची. दोन्हींत फरक साडेपाच तासांचा, म्हणून तुमच्या अकराचे साडेपाच होतात. हे कानामागं टाकू नका. वेळ चुकीची असली की बिलावर तीच छापली जाते. भाच्याला सांगा, लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला लाव. एका ओळीचं काम आहे. त्याच फोनवर त्याच्याकडून विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून घ्या. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवरच्या फाइली दिसतात पण सेव्ह होत नाहीत. तुम्ही लिहिलं नाहीत, पण हा अनुभव तुम्हाला आलेला असणार.

पहाणीचा उतारा, जात-उत्पन्नाचे दाखले, परीक्षांचे अर्ज ही कामं ब्राउझरवरची आहेत, त्यांना लिनक्स काय आणि विंडोज काय. अंगठ्याचं मशीन किंवा सहीचा डिजिटल पेनड्राइव्ह वापरत असाल तर त्यांचे ड्रायव्हर आहेत का ते आधी विचारा, नाहीतर ती कामं विंडोजवर ठेवा. तेवढ्यापुरतं तिथं नेट लावावं लागेल. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापराच्या मशीनसाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली आहे, ती नोंदणी करून टाका.

पेनड्राइव्हबद्दल भाचा शंभर टक्के खरं बोलला. झेरॉक्सच्या दुकानात कॉलेजची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात आणि सोबत फोल्डरचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस आणतात. तो विंडोजसाठी लिहिलेला असतो, लिनक्समध्ये तो नुसती एक मेलेली फाइल म्हणून दिसतो. तिथंच प्रिंटची पीडीएफ करून घेतलीत तर तुमच्या दुकानातून तो पुढच्या पोराच्या पेनड्राइव्हवर जाणार नाही. विंडोजच्या बाजूला गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावायचा नाही, हा नियम यजमान काउंटरवर असताना त्यांनाही पाळायला लावा.

त्या बेळगावला जाणाऱ्या गिऱ्हाइकाचं मनावर घेऊ नका. त्याला पत्रिका वेळेत हवी होती, तुमची परीक्षा घ्यायला तो आला नव्हता. पुढच्या वेळी ‘उद्या संध्याकाळी प्रूफ देते’ एवढंच सांगा. कॉम्प्युटरचं पुराण त्याला सांगत बसू नका. आपण सांगतो ती अडचण असते, पण त्याला ते कारण वाटतं.

यजमानांचंही अगदीच चुकीचं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. तुमचं मशीन त्याआधीचं असणार. कधीतरी ते बदलावं लागेलच. पण आज घेतलंत तर पैसे जातील आणि जुने फॉन्ट पुन्हा त्यात भरले जातील. उन्हाळ्यातली लग्नं उरकू देत. तोवर युनिकोडची सवय झालेली असेल, आणि मग नवं मशीन कुठल्याही यंत्रणेचं आलं तरी तुमचं काम अडणार नाही. तेवढ्यात मशीन फारच रखडायला लागलं तर आधी त्यात जुनी हार्डडिस्क आहे का बघा. ती काढून एसएसडी घातली की जुन्या मशीनला पुष्कळ जीव येतो, आणि त्याचा खर्च नव्या मशीनच्या जवळपासही जात नाही. निघालेली हार्डडिस्क मोडीत घालू नका. तिच्यावर तुमच्या आजवरच्या सगळ्या पत्रिका आहेत, डबीत घालून त्यांची जादा प्रत म्हणून कपाटात ठेवा.